म्हैस, शाई आणि विन्सर मॅके : एका लघुपटाच्या कामाच्या नोंदी

16 जून 2025, कोल्हापूर

आजपासून काम सुरू. चाळीस सेकंदांचा, हाताने काढलेला लघुपट. गोष्ट एवढीच : दुपारी म्हैस तळ्यात शिरते, मालक हाका मारतो, दावं ओढतो, ती ढिम्म हलत नाही. लांबून रेडकू ओरडतं आणि मग ती कुणी न सांगता उठून चालू लागते. संवाद नाहीत. सेकंदाला बारा चित्रं धरली तर 480 होतात. श्वास आणि शेपटी यांची चक्रं, म्हणजे त्याच हालचालीच्या चित्रांचे संच, पुन्हा वापरता येतील, त्यामुळे प्रत्यक्ष कागद कमी लागतील.

टॅबलेटवर हे काम झटपट उरकलं असतं. कागद मुद्दाम निवडलाय. अमेरिकन चित्रकथाकार विन्सर मॅकेने 1914 मध्ये गर्टी ही डायनोसॉर पडद्यावर ज्या पद्धतीने उभी केली, त्याच पद्धतीने एकदा काम करून बघायचंय. एक कागद, एक पूर्ण चित्र. डोंगर, पाणी, प्राणी सगळं त्याच कागदावर. थर नाहीत, पारदर्शक फिल्म नाही. गर्टीसाठी अशी सुमारे 10,000 चित्रं लागली, पातळ राइस पेपरवर, साधारण साडेसहा बाय साडेआठ इंचांच्या आकारात. मीही तोच आकार घेतलाय.

पोटापाण्याचं काम चालूच राहील : मुलांच्या मासिकाची दरमहा चार पानांची चित्रकथा, पाठ्यपुस्तकांची चित्रं, अधूनमधून जाहिरातींचे स्टोरीबोर्ड. लघुपटासाठी सकाळचे दोन तास.

19 जून

मॅकेची वाटचाल क्रमाने लिहून भिंतीवर लावली. सुरुवातीची काही वर्षं सिनसिनाटीत, डाइम म्युझियमची पोस्टरं काढत. दहा सेंटांत अजब गोष्टी दाखवणारी ती ठिकाणं; रस्त्यावरचा माणूस थबकून आत आला पाहिजे अशी चित्रं काढायची. मग तिथल्याच वर्तमानपत्रांत चित्रकार. 1903 मध्ये न्यूयॉर्क. 1904 मध्ये एका शिंकणाऱ्या पोराची चित्रमालिका आणि दुसरी, रात्री चीज-टोस्ट खाऊन भयंकर स्वप्नं पडणाऱ्या माणसांची. ही दुसरी तो ‘सायलस’ या टोपणनावाने करायचा. 15 ऑक्टोबर 1905 ला ‘लिटल निमो इन स्लंबरलँड’ सुरू झाली. पान भरून रंगीत स्वप्न, आणि शेवटच्या चौकटीत पोरगं पलंगावर जागं झालेलं. 1906 पासून रंगमंचावर खडू घेऊन चित्रं काढण्याचा कार्यक्रम. 1911 मध्ये पहिला चित्रपट. 1921 मध्ये शेवटचे. 1934 मध्ये मृत्यू.

म्हणजे चित्रपटांची कारकीर्द जेमतेम दहा वर्षांची, आणि त्या दहाही वर्षांत त्याची नोकरी वर्तमानपत्रातली. चित्रपट काढायला त्याला कुठल्या स्टुडिओने पगार दिला नाही. पैसा पानाचा, वेळ रात्रीचा. स्वतंत्रपणे काम करणाऱ्या आम्हा सगळ्यांचा हा आद्यपुरुष आहे असं मला मनापासून वाटतं, आणि त्याच्याकडून नुसती रेघ न घेता हिशेबही शिकायचा आहे.

24 जून

पहाटे गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर. म्हशी रांगेत उभ्या, समोर पेले घेऊन माणसं, फेसाळ धारोष्ण दूध. स्केचबुक उघडलं तर शाई लगेच पसरायला लागली, हवेत इतका ओलावा. पेन्सिलवरच भागवलं.

पंढरपुरी जातीची म्हैस घ्यायची हे ठरलं. तिची शिंगं तलवारीसारखी मागे, खांद्याच्याही पलीकडे जातात. चित्रकाराला ती सोन्याची खाण आहे, कारण मान जरा वळली की सगळी बाह्यरेषा बदलते. आणि तीच सगळ्यात मोठी डोकेदुखीही होणार, हेही आज कळलं. जवळचं शिंग आपल्याकडे वळताना आखूड दिसतं, पलीकडचं मानेमागून हळूहळू उगवतं. हे डोक्यात फिरवून काढता येत नाही. बाजारातून जाड तार आणली, दोन शिंगं वाकवली, मातीच्या गोळ्यात खोचली. आता हा गोळा लाइटबॉक्सशेजारी (कागदाखालून उजेड देणारी पेटी) बसून आहे, हवा तेवढा फिरवायचा आणि बघून काढायचं.

2 जुलै

पटकथा लिहिली नाही. सगळा लघुपट आधी चित्रकथेचं पान म्हणून काढला, बारा चौकटींत. हेही मॅकेकडून घेतलं.

शिंकणाऱ्या पोराची ती मालिका पुन्हा चौकट-चौकट करून बघितली. दरवेळी सहा चौकटी, सारख्या मापाच्या. दुकान असेल, जेवणाचं टेबल असेल, दृश्य हलत नाही, कोन बदलत नाही. पहिल्या चार चौकटींत मोठी माणसं आपापलं काम करताहेत आणि पोराचं नाक थोडं थोडं वर चाललंय. पाचवीत शिंक, सगळं उधळलेलं. सहावीत पोराला हाकलून दिलेलं. एका भागात तर शिंकेने चौकटीची रेघच तुटून त्याच्या अंगावर पडते. कॅमेरा एका जागी ठेवून वेळ पुढे सरकवायची, हे ॲनिमेशनच आहे. फक्त ते बघणाऱ्याच्या डोळ्याने चालतं. मॅकेने पहिला चित्रपट काढला 1911 मध्ये, पण चलनाचं गणित त्याने सहा-सात वर्षं आधीपासून दर आठवड्याला छापून सोडवलेलं होतं.

निमोमध्ये त्याने उलट केलं : चौकटीच बदलल्या. जुलै 1908 मधल्या एका पानात पलंगाचे पाय लांब लांब होत जातात आणि पलंग गावाच्या छपरांवरून चालायला लागतो. पाय वाढतात तशा चौकटीही उंच होत जातात.

माझ्या पानावर मी पहिला मार्ग घेतला. म्हैस हलत नाही हाच विषय आहे, तर चौकटही हलता कामा नये. आठ चौकटी अगदी सारख्या ठेवल्या. दावं ताणलं जातं, सैल पडतं, बगळा पाठीवर उतरतो, ऊन सरकतं, म्हैस तशीच. मालक चित्रात नाहीच. उजव्या कडेने फक्त दावं आत येतं. रंगमंचावर मॅके स्वतः चाबूक घेऊन पडद्याशेजारी उभा राहायचा आणि गर्टीला हुकूम सोडायचा, त्यावरून हे सुचलं. हुकूम सोडणारा चौकटीबाहेर असला की प्राण्याचं न ऐकणं ठसठशीत दिसतं.

9 जुलै

तीन दिवस झड लागलीय. पंचगंगेला पाणी चढतंय. घरात भिंतीला हात लावला तरी ओल.

कागद फुगायला लागला. दोन कागद एकावर एक ठेवले की तळ्याचा काठ डावीकडे जुळतो आणि उजवीकडे सुटतो. नेहमीच्या कामात कागदाला भोकं पाडून पेग बारवर, म्हणजे खुंट्यांच्या पट्टीवर, बसवते. या हवेत भोकांच्या कडाच सैल पडतात. मॅकेकडे गर्टीच्या वेळी पेग नव्हतेच. तो कागदाच्या कोपऱ्यांत बारीक फुल्या करायचा आणि त्या एकमेकींवर जुळवायचा. मी चार कोपऱ्यांत चार फुल्या आणि मध्यभागी वरच्या कडेला एक जास्तीची, अशी व्यवस्था केली. कागद पसरला तरी पाचही फुल्यांत चूक सारखी वाटून घेता येते. कोरे कागद तांदळाच्या रिकाम्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. रोज लागतील तेवढेच बाहेर.

15 जुलै

मासिकाची पानं. लघुपटाला हात नाही.

23 जुलै

आजचा दिवस श्वासाचा.

गर्टी एका जागी आडवी पडून श्वास घेते तो तुकडा मी किती वेळा पाहिला असेल. तो श्वास किती वेळाचा ठेवायचा हे मॅकेला घड्याळं लावूनही ठरवता येईना. शेवटी एका मोठ्या सेकंदकाट्याच्या घड्याळासमोर उभं राहून, आपण तो अवाढव्य प्राणी आहोत अशी कल्पना करून त्याने स्वतः श्वास घेतला. आत घ्यायला चार सेकंद, सोडायला दोन. सेकंदाला 16 चित्रं, म्हणजे 64 आणि 32.

मीही गोठ्यात जाऊन बसलेल्या म्हशीच्या कुशीकडे बघत मोबाइलवर मोजत बसले. गवळीमामा म्हणाले, “ताई, म्हशीचा दम कशाला मोजालाय? आजारी न्हाई ती.” चित्र काढायचंय म्हटल्यावर लांब सरकून बसले आणि म्हणाले, “मग निवांत बसा. तिला घाई न्हाई, तुमालाबी नसू दे.”

शांत बसलेल्या म्हशीचा श्वास तीनेक सेकंदांत पुरा होतो. घरी येऊन तेवढ्याच वेळाचं चक्र काढून फ्लिप केलं, म्हणजे कागद भराभर पलटून बघितले. खरं माप, पण पडद्यावर ती म्हैस वाटेना. शेळीएवढं काहीतरी धापा टाकतंय असं दिसत होतं. मग मॅकेचं माप लावलं : चार सेकंद आत, दोन बाहेर, बाराच्या हिशेबाने 48 आणि 24 कागद. वजन आलं! प्राणी जितका मोठा तितका त्याचा दम संथ असणार, हे आपल्या डोळ्याला कुणी न शिकवता माहीत असतं, आणि चित्राला खऱ्यापेक्षा थोडं जास्तच संथ व्हावं लागतं, कारण कागदावर मांस नाही, नुसती कड आहे.

हे काम नजरेचं आहे. पूर्ण श्वासात कुशीची रेघ जेमतेम पाच-सहा मिलिमीटर वर जाते. ती 48 कागदांत वाटायची म्हणजे शेजारच्या दोन कागदांतला फरक निबच्या जाडीहूनही कमी. शिवाय तो सगळीकडे सारखा नको. सुरुवातीला आणि शेवटी कमी, मध्ये जास्त. लाइटबॉक्सवर वाकून एकेक रेघ ओढताना माझाच श्वास थांबत होता.

4 ऑगस्ट

म्हैस मान वळवून बगळ्याकडे बघते तो तुकडा. 17 चित्रं.

पहिलं चित्र काढायचं, मग सतरावं. मग त्यांच्या बरोब्बर मधलं नववं. मग पाचवं आणि तेरावं. असं अर्धं-अर्धं करत रिकाम्या जागा भरायच्या. मॅके याला स्प्लिट सिस्टिम म्हणायचा. आज सगळे ॲनिमेटर की-ड्रॉइंग आणि इनबिटविन म्हणतात ते हेच. एकापुढे एक असं सरळ काढत गेलं तर डोकं नकळत मोठं होत जातं, सतराव्या चित्रात भलतीच म्हैस पोचते. दोन्ही टोकं आधी बांधून टाकली की मधली चित्रं भरकटत नाहीत.

तारेच्या शिंगांचा आज खरा उपयोग झाला. नवव्या चित्रात जवळचं शिंग थेट आपल्याकडे येतं आणि त्याची लांबी जवळपास नाहीशी होते. मनाने काढलं असतं तर कुणीही लांब शिंगच काढलं असतं, कारण शिंग लांब असतं हे आपल्याला माहीत असतं. तार बघून काढल्यावर मान खरोखर वळली.

20 ऑगस्ट

पार्श्वभूमीचा डोंगर उपसायचाय. तळ्याचा काठ, दोन दगड, बाभळीचं खोड, पाण्यातल्या चार रेघा. दर कागदावर पुन्हा. गर्टीच्या वेळी मॅकेने शेजारच्या एका विद्यार्थ्याला, जॉन फिट्झसिमन्सला, मदतीला घेतलं होतं. डोंगर आणि तळं सगळ्या कागदांवर उतरवण्याचं काम त्याचं. माझ्याकडे शेजारच्या काकूंची धाकटी आहे, कलाशाळेत शिकणारी. दर कागदामागे पैसे ठरवले, नाव श्रेयनामावलीत जाईल हेही ठरवलं. फुकट कुणाचा हात वापरायचा नाही.

तिने पहिल्याच दिवशी विचारलं, “ताई, दगड तर हलत नाही, मग तो एकदाच काढून खाली का नाही ठेवायचा?” अगदी हाच प्रश्न त्या काळातल्या धंद्याने विचारला होता. जॉन रँडॉल्फ ब्रेने पार्श्वभूमी आधीच कागदांवर छापून घेण्याची सोय पेटंटमध्ये नोंदवली. अर्ल हर्डने 1914 च्या डिसेंबरमध्ये पारदर्शक सेल्युलॉइडच्या तावांसाठी अर्ज केला. दगड एकदाच काढायचा, त्यावर पारदर्शक तावावरचा प्राणी ठेवायचा. यातूनच स्टुडिओ उभे राहिले, कामाचे तुकडे पडले, एकाने हात काढायचे आणि दुसऱ्याने रंग भरायचे असं सुरू झालं. ती सोय मोठीच होती. मॅकेनेही पुढे ती वापरली.

तरी गर्टीच्या चित्रपटात जे दिसतं ते सेलमध्ये, म्हणजे त्या पारदर्शक तावांच्या पद्धतीत, दिसत नाही. दर कागदावर डोंगर नव्याने काढल्यामुळे त्याची रेघ किंचित थरथरते. प्राणी आणि जमीन एकाच शाईचे, एकाच कंपाचे. प्राणी वरून चिकटवलेला वाटत नाही. तिला फ्लिप करून दाखवलं, आधी एकाच दगडावर, मग दर कागदावर काढलेल्या दगडावर. ती काही बोलली नाही, निब पुसून कामाला लागली.

27 ऑगस्ट

गणपती. लाइटबॉक्सवर कापड टाकून ठेवलंय.

8 सप्टेंबर

म्हैस बसलेली असताना उठते कशी? दोन सकाळी घाटावर थांबून बघितलं. मागचा भाग आधी वर येतो. पुढचे पाय गुडघ्यांत दुमडलेलेच असतात, क्षणभर ती गुडघे टेकल्यासारखी तिरकी दिसते, आणि मग एकेक पुढचा पाय सरळ करते. घोडा नेमका उलटा, पुढून उठतो. पाण्यात असेल तर आधी पाण्याची रेघ शेपटीकडून फुटते. हा तुकडा पूर्ण लघुपटाचा कळस आहे, त्यामुळे इथे चक्र नाही, उसनी चित्रं नाहीत, प्रत्येक कागद नवा.

दुपारी फोन आला. एका डिजिटल कंपनीला लघुपट हवाय. त्यांनी पाठवलेला करार वाचला : चित्रपट, म्हशीचं पात्र, मूळ कागद, सगळे हक्क, सगळ्या माध्यमांत, कायमचे. रक्कम बरी होती.

ब्रेची उरलेली गोष्ट इथे लिहायलाच हवी. मॅके गर्टीवर काम करत असताना तो लेख लिहिणारा पत्रकार म्हणून आला आणि मॅकेने त्याला सगळं उघडून दाखवलं. मॅकेने स्वतः काहीच पेटंट केलं नव्हतं. ही कला सगळ्यांची व्हावी असं त्याला वाटायचं. ब्रेने मात्र पद्धतींची पेटंटं घेतली आणि वर मॅकेवरच दावा लावला. दावा मॅके जिंकला, पुढे ब्रेकडून त्याला रॉयल्टीही मिळत राहिली. ब्रे आणि हर्ड यांच्या पेटंटांचा विळखा मात्र 1932 पर्यंत या धंद्यावर होता. मॅकेचा उदारपणा मला आवडतो. पण तो जिंकला कारण तो आधीच नावाजलेला होता आणि हजारो लोकांनी त्याचं काम रंगमंचावर पाहिलेलं होतं. आमच्यासारख्यांना कागदच राखावा लागतो.

आपला 1957 चा कॉपीराइट कायदा परत काढून वाचला. स्वतःच्या मनाने काढलेल्या चित्राचा पहिला मालक चित्रकारच. कुणी पैसे देऊन चित्रपट करून घेतला तर, वेगळं ठरलेलं नसल्यास, मालकी करून घेणाऱ्याकडे जाते. म्हणून काम पुरं होण्याआधी त्यांचा आगाऊ हप्ता घ्यायचा नाही. हक्क द्यायचे तर ते लेखीच द्यावे लागतात. करारात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरते. आणि ‘कायमचे’ असं आपणच सही करून दिलं, तर कायदा काय करणार? चित्रकथा काढणाऱ्या प्रत्येक पोराने हे कलम 17 ते 19 एकदा तरी वाचावं. पहिला करार येतो तेव्हा आनंदात कुणी वाचत नाही.

21 सप्टेंबर

पहिली सलग लाइन टेस्ट. पेन्सिलीची चित्रं मोबाइलने टिपून लावली. श्वास उत्तम. बगळा उतरतो तो फार घाईत, त्याला चार कागद वाढवले. दावं ताणलं जातं तेव्हा मानेची कातडी थोडी पुढे ओढली गेली पाहिजे, डोकं मात्र जागच्या जागी. एवढं केल्यावर तिचा हट्ट दिसायला लागला.

5 ऑक्टोबर

पैशाचा हिशेब मांडला. कागद, शाई, मदतनीस, ध्वनिमुद्रण. मासिकाच्या मानधनातून निघतंय. एक मैत्रीण म्हणाली, मासिक सोड, हेच पूर्णवेळ कर. त्यावर बरेच दिवस विचार करतेय.

मॅकेच्या बाबतीत पानाने चित्रपट पोसले आणि पानानेच ते संपवले. 1911 मध्ये तो विल्यम रँडॉल्फ हर्स्टच्या वर्तमानपत्रांत गेला. पगार मोठा. पण हर्स्टला तो अग्रलेखांसाठी हवा होता. रंगमंचावरचे दौरे त्याने आवळत आणले. गर्टीचा कार्यक्रम 8 फेब्रुवारी 1914 ला शिकागोत सुरू झाला, आणि त्यानंतर लवकरच न्यूयॉर्कबाहेर प्रयोग करायला बंदी आली. गर्टी गावोगाव पोचली ती वितरकाने वेगळा प्रसंग जोडून केलेल्या प्रतीतून, मॅकेशिवाय.

7 मे 1915 ला जर्मन पाणबुडीने ‘लुसिटानिया’ हे प्रवासी जहाज बुडवलं, 1,198 माणसं गेली. हर्स्टची वर्तमानपत्रं अमेरिकेने युद्धात उतरू नये या बाजूची, आणि मॅकेला दिवसा त्याच मताची चित्रं काढावी लागायची. रात्री घरी तो स्वतःच्या पैशाने ते जहाज बुडताना काढत होता. त्या घटनेचं चित्रीकरण कुठेच नव्हतं. त्याने पुरावा काढावा तशी ती काढली, सुमारे 25,000 चित्रांत, या वेळी सेल वापरून. चित्रपट बाहेर आला जुलै 1918 मध्ये. समुद्राच्या त्या लाटा बघताना मला दरवेळी वाटतं, दिवसभर दुसऱ्याचं मत काढून आलेल्या माणसाने आपलं मत किती जपून, किती सावकाश काढलंय.

तेव्हा माझ्यापुरतं ठरलं. मासिक सोडायचं नाही. त्या पानावर माझी गोष्ट, माझं नाव आणि माझा हक्क राहतो, आणि संपादक माझ्या सकाळच्या दोन तासांवर हक्क सांगत नाहीत. जाहिरातींचे स्टोरीबोर्ड सोडायचे. ते पैसे जास्त देतात आणि दिवस खातात.

22 ऑक्टोबर, पाडवा

सकाळी सजवलेल्या म्हशी बघायला गेले. शिंगांना रंग, मोरपिसं, गळ्यात घुंगरांचे पट्टे, अंगावर नावं कोरलेली. सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकली पुढे आणि त्यामागे म्हशी उधळलेल्या. गर्दीतून आपल्या मालकाचा आवाज नेमका ओळखून त्याच्यामागे जातात. गवळीमामा भेटले, त्यांची म्हैस सगळ्यात देखणी होती हे त्यांच्यासोबत मलाही मान्य. “झालं का चित्र?” “होत आलं.” “आमची हाय नव्हं त्यात?” आहे म्हटलं. खरंच तिचीच शिंगं आहेत.

पळताना पोटाची कूस मागेपुढे कशी हेलकावते ते टिपलं. या लघुपटात लागणार नाही, पण वही भरली.

3 नोव्हेंबर

शाईचं काम पुरं, चित्रीकरण सुरू. कॅमेरा वरून खाली बघणारा, दोन्ही बाजूंनी 45 अंशांवर दिवे, कागदावर काच. पावसाळ्यात फुगलेले कागद आता हवा कोरडी झाल्यावर कडेला वळलेत, काचेशिवाय सपाट बसत नाहीत. दर चित्राच्या दोन फ्रेम. पाचही फुल्या पडद्यावर आखलेल्या खुणांशी जुळल्याशिवाय बटण दाबायचं नाही.

मॅकेला कॅमेऱ्यासाठी व्हिटाग्राफ स्टुडिओत जावं लागायचं. त्याच सुमाराला इथे, याच गावात, बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवून मिळालेल्या हाताने चित्रपटाकडे वळत होते. कॅमेरा मिळेना तर त्यांनी तो इथेच तयार केला. पैसा उभा केला त्यात तानीबाई कागलकर या गायिकेचा मोठा वाटा. 1920 मध्ये ‘सैरंध्री’ आली. एक सिनसिनाटीचा पोस्टरवाला, एक कोल्हापूरचा पडदे रंगवणारा. दोघांनाही आधी गर्दीला थांबवणारं मोठं, ठळक चित्र काढता येत होतं आणि मग ते हलवावंसं वाटलं. खरी कॉर्नरच्या कॅमेरा मानस्तंभावरून मी कितीदा जाते. आज लॅम्पचे बल्ब आणायला गेले तेव्हा थांबून नीट बघितला.

9 नोव्हेंबर

चित्रीकरण झालं. श्वासाच्या चक्रात 31 आणि 32 नंबरच्या कागदांमध्ये एक झटका आहे, बाकी प्रवाही. दोन्ही कागद पुन्हा काढले.

उठण्याचा तुकडा जसा हवा होता तसा आलाय. मागून उचलते, पाणी फुटतं, क्षणभर गुडघ्यांवर, आणि मग निघते. शेजारची पोर तीन वेळा म्हणाली, “परत लावा की.”

16 नोव्हेंबर

आवाज. पाण्याचा डुबुक आणि कातडीवरून निथळणं घाटावर मुद्रित केलं. रेडकाचा आवाज मामांच्या गोठ्यात, पहाटे, आई धारेला गेल्यावर; तेव्हा ते मनापासून ओरडतं. संगीत नको हे नक्की झालं.

कंपनीला उत्तर पाठवलं : दाखवण्याचा हक्क, तीन वर्षं, फक्त त्यांच्या माध्यमावर, इतरांना देण्याची मला मोकळीक. पात्र आणि मूळ कागद माझ्याकडे. मान्य नसेल तर हरकत नाही, 2026 मध्ये महोत्सवांना पाठवेन आणि मग बघू.

मासिकाच्या संपादकांना लाइन टेस्ट दाखवली होती. त्यांना जानेवारी अंकासाठी हीच म्हैस चार पानांत हवीय. म्हणजे जुलैमध्ये काढलेलं बारा चौकटींचं पान परत बाहेर काढायचं. आठ सारख्या चौकटी छापील पानावर तशाच चालतील का, की बगळ्याच्या ठिकाणी चौकट फोडावी, हे ठरायचंय. पानं 20 डिसेंबरपर्यंत द्यायची आहेत.